पायताणात घालायचे मोजे: अंगठा वेगळा कसा काढायचा?

पॅटर्नवाला (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. आधी प्रश्न विचारतो, मग रामायण सांगतो.

कोल्हापुरी पायताणात घालता येतील असे लोकरीचे मोजे विणायचे आहेत. म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकत्र. अंगठा फोडायचा कुठून, त्याला टाके किती द्यायचे, आणि बेचक्यात भोक पडतं त्याचं काय करायचं? अजून एक. साधा मोजासुद्धा माझा पायात थांबत नाही. चार पावलं चाललं की घोट्याखाली गोळा होऊन बसतो.

आता रामायण. मी पॅटर्न मेकर, उद्यमनगरात तीस वर्षं झाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बिडाचा कुठलाही पार्ट ओतायचा तर आधी तसाच लाकडाचा नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा घेतात. तो नमुना करणारा मी. आता गुडघे कुरकुरतात म्हणून अर्धा दिवसच जातो.

विणकाम शिकलो २०१९ च्या महापुरात. ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, कारखाने बंद, लाईट नाही. बघावं तिकडं पाणी आणि नळाला थेंब नाही. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण शुक्रवार पेठेतले पाहुणे आमच्याकडं आलेले, तीन खोल्यांत अकरा माणसं. पोरांचा दंगा थांबावा म्हणून आईनं ट्रंकेतनं तिच्या दहा नंबरच्या सुया काढल्या आणि पोरांना शिकवायला बसली. पोरं दहा मिनिटांत पळाली, मी बसून राहिलो. पाणी उतरेपर्यंत सुलट आणि उलट दोन्ही आलं. आई एवढंच म्हणायची, "पाना आवळल्यागत टाका आवळू नको." पुढच्या वर्षी आई गेली. टाच वळवायची शिकायची राहिली.

पहिला मफलर चाळीस टाक्यांनी सुरू केला, संपला तेव्हा सुईवर सत्तेचाळीस. टाके वाढतात कुठनं ते कळेना. मग एक दिवस चष्मा लावून बघितलं. सुई फिरवल्यावर लोकर पुढून सुईवरनं मागं जात होती, त्यामुळं पहिला टाका वर ओढला जायचा आणि त्याचे दोन पाय दिसायचे. मी ते दोन टाके समजून विणत होतो. शिवाय एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक उलट असा सगळा मफलर केला, त्यानं दोन्ही कडा आत वळून त्याची पुंगळी झाली. सपाट व्हावी म्हणून गरम इस्त्री लावली. लोकर अॅक्रिलिकची! तिचा जीवच गेला, चकाकणारं लोळागोळा फडकं झालं. आता स्कूटर पुसायला आहे. दुसरा मफलर साबुदाणा वीण घालून केला, तो मात्र सपाट राहिला आणि जावयानं मागून नेला. टपरीवर अजून विचारतात, "बाळंतविडा कुणाचा चाललाय?" विचारू देत.

मोज्याला दोन्हीकडं टोक असलेल्या बारीक सुया लागतात. बाजारात फिरलो, मिळाल्या त्या जाड. मग म्हटलं, आपण कशाला बसलोय. वेल्डिंगच्या दुकानात २.४ मिलिमीटरची स्टेनलेसची टिग फिलर रॉड मिळते, मीटरभर लांब. अठरा सेंटिमीटरचे पाच तुकडे कापले, दहा सेंटिमीटर उरलं. एका रॉडमध्ये एक सेट. टोकं ग्राइंडरला फिरवून गोल केली, मग पॉलिश पेपर, मग बफ. टोक टाक्यात शिरलं पाहिजे पण लोकर फाटता कामा नये, तेवढं साधायला चार वेळा हात फिरवावा लागला. सुया झ्याक झाल्या. इतक्या गुळगुळीत की पहिल्या दिवशी एक सुई टाक्यांतनं आपोआप निसटली आणि अठरा टाके हवेत.

हा सगळा खटाटोप आबांसाठी, माझे वडील, वय ८४. आयुष्यभर कापशी पायताण (कोल्हापुरीतलाच एक प्रकार), बूट लग्नात पण घातला नाही. पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यायचं हा नेम. थंडीत त्या वेळी पाय गार पडतात. बूट-मोजे घाला म्हटलं तर म्हणतात, "मी काय साहेब हाय?"

तर आबांचा पाय चवड्याला गोल टेप फिरवून मोजला, घेर भरला १० इंच. माझ्या हाताला इंचाला ८ टाके येतात. म्हणजे ८०. त्यावर सवयीनं थोडं अलाउन्स धरून ८४ घातले. चुकलं कुठं?

सुलटउलट (नाशिक)

पॅटर्नवाले भाऊ, "सवयीनं अलाउन्स धरून" इथंच चुकलं!

बीड थंड होताना आकसतं म्हणून तुम्ही नमुना मोठा करता ना? विणकामाचं उलट आहे. विणलेलं कापड ताणतं. मोजा पायापेक्षा साधारण दहा टक्के लहान हवा, म्हणजे तो ताणून बसतो आणि ताणून बसला तरच जागेवर राहतो. १० इंच पायाला ९ इंचाचा मोजा. इंचाला ८ टाके असतील तर ७२. चाराने भाग जातो, म्हणजे दोन सुलट दोन उलट अशी रिबही (वरच्या काठाची ताणणारी पट्टी) बरोबर बसेल. तुमचा ८४ टाक्यांचा मोजा साडेदहा इंचाचा झाला, तो घोट्याखाली जाणार नाही तर काय करेल.

इंचाला ८ टाके हे तुम्ही मफलरसारखा सपाट तुकडा विणून मोजलंत का? मोज्यासाठी नमुना गोल विणूनच मोजा. बऱ्याच जणांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सैल पडतो, आणि गोल विणताना उलट सुई येतच नाही, त्यामुळं माप बदलतं.

आता टाच. ही लिहून ठेवा, तोंडी सांगून राहत नाही.

७२ पैकी निम्मे, म्हणजे ३६ टाके टाचेच्या पट्टीला घ्यायचे, बाकीचे ३६ पावलाच्या वरच्या बाजूचे, ते सुयांवर गप्प बसू द्यायचे. पट्टी सपाट विणायची. सुलट बाजूला एक टाका न विणता उचलायचा, एक सुलट विणायचा, असं आलटून पालटून. उलट बाजूला पहिला टाका उचलायचा आणि बाकी सगळे उलट. यानं टाच दुहेरी जाड होते, लवकर झिजत नाही. ३६ सुया झाल्या की कडेला १८ साखळ्या दिसतील.

मग वळण. सुलट बाजूने २० टाके सुलट, दोन टाके मागून एकत्र, एक सुलट, आणि तिथेच कापड फिरवा. पुढचे टाके तसेच राहू देत, घाबरू नका. आता उलट बाजू: एक उचला, ५ उलट, दोन उलट एकत्र, एक उलट, फिरवा. परत सुलट: एक उचला, ६ सुलट, दोन मागून एकत्र, एक सुलट, फिरवा. दर वेळी मधला आकडा एकाने वाढतो. फिरवलेल्या जागी एक फट दिसते, फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका मिळून एक करायचा, हे एकदा डोळ्याला दिसलं की मोजायची गरजच पडत नाही. शेवटच्या दोन सुयांना "एक सुलट" किंवा "एक उलट" करायला टाकाच उरत नाही, तिथं गोंधळू नका, तसंच असतं. सुईवर २० टाके राहिले की टाच वळली.

पुढे दोन्ही कडांच्या साखळ्यांतून १८-१८ टाके उचला. एकूण ९२ होतील. एक फेरी आड दोन्ही बाजूंनी एकेक टाका कमी करत परत ७२ वर या. दहा वेळा कमी करावे लागतील. ही जी तिरकी कळी तयार होते ती पावलाच्या उंचवट्याला जागा देते. पायजम्याला कळी असते तसंच.

आबांना साखर आहे का? असेल तर वरची रिब अजिबात आवळ नको. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यांवर घाला, मग एक सुई काढून घ्या, काठ सैल राहतो. आणि तळव्यात, टाचेत गाठ कुठेच नको. लोकर संपली तर नवीन लोकर जोडून चार-पाच टाके दुहेरी विणा, टोकं नंतर आतून ओवा.

अंगठ्याचं मला येत नाही. हातमोज्याची बोटं विणली आहेत, तोच प्रकार असावा.

तांबडापांढरा (कोल्हापूर, शिवाजी पेठ)

पाऊस आला की पायताण काखेत मारून अनवाणी चालणारी माणसं आपण, आणि हे त्यात मोजे घालणार. नादच खुळा!

बाकी आमचे दोन जोड धरा. नऊ नंबर. तांबडा एक आणि पांढरा एक चालेल.

लिफीकाठची (डब्लिन, मूळची गारगोटीची)

पॅटर्नवाले काका, तुमची कल्पना खुळ्यासारखी वाटत असेल तर एक सांगते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेला तांबड्या लोकरीच्या मोज्यांचा जोड आहे, साधारण इसवी सन २५० ते ४२० या काळातला. अंगठा वेगळा, बाकीची चार बोटं एकत्र, कारण तिथली माणसं ते चपलेत घालायची. म्हणजे आबांची गरज सोळाशे वर्षं जुनी आहे. ते मोजे आपल्यासारख्या दोन सुयांवर नव्हे तर एकाच नेढ्याच्या सुईने, एकेक फास ओढून केलेले आहेत. जपानमध्ये तर असे मोजे आजही वापरात आहेत, त्यांना ताबी म्हणतात.

आता कृती. टाच आणि कळी ताईंनी सांगितली तशीच. पाऊल विणत जा आणि अधूनमधून आबांच्या पायात घालून बघा. मोज्याची कड अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्याला लागली की थांबा. फुटपट्टीवर विसंबू नका, पायातच घालून बघा.

७२ टाक्यांत अंगठ्याच्या बाजूचे २२ टाके घ्या, ११ वरचे आणि ११ तळव्याचे. बाकी ५० एका जाड दोऱ्यावर काढून ठेवा. बेचक्यात ४ नवे टाके घाला. झाले २६, ते गोल जोडून अंगठा विणा. अंगठ्याचं नख जवळजवळ झाकलं की एक फेरी दोन-दोन एकत्र, १३ राहतील. अजून एक फेरी तसंच, शेवटचा एक टाका एकटा, ७ राहतील. लोकर तोडून त्या सातांतून ओवा आणि ओढून आत घ्या.

मग दोऱ्यावरचे ५० परत सुयांवर घ्या आणि बेचक्यात घातलेल्या त्या चार टाक्यांच्या पायथ्यातून ४ उचला. ५४ झाले. चार बोटं विणताना टाके करंगळीच्या बाजूनेच कमी करायचे, कारण पाय तिकडेच उतरतो. साध्या मोज्यासारखे दोन्हीकडून कमी केलेत तर दुसरं बोट आवळेल. शेवटी वरचे आणि खालचे टाके समोरासमोर ठेवून सुईदोऱ्याने विणल्यासारखे जोडायचे, शिवण चालणार नाही, ती बोटाला घासते.

भोक पडतंच. चार टाके उचलताना दोन्ही कोपऱ्यांतून एकेक जास्तीचा उचला आणि पुढच्या फेरीत तो शेजारच्याबरोबर एक करून टाका. तरीही थोडं राहील. म्हणून नवे टाके घालताना लोकरीचं टोक वीतभर लांब ठेवा, शेवटी आतून त्यानेच भोक ओढून घ्या.

लोकर कुठली वापरताय? अॅक्रिलिक असेल तर पाय घामेजतील. मोज्यासाठी ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असं मिश्रण मिळतं, साधारण १०० ग्रॅममध्ये ४०० मीटर, त्यात मोठ्या पायाचा एक जोड होतो. नायलॉन टाचेला झिजू देत नाही. लडीवर यंत्रात धुता येईल असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर थंड पाण्यात हाताने, चोळायचं नाही. मी एकदा साध्या लोकरीचे मोजे नवऱ्याच्या जीन्सबरोबर गरम पाण्यात टाकले होते. बाहेर आले ते आमच्या दीड वर्षांच्या मुलाच्या मापाचे, आणि तेही घोंगडीसारखे जाड.

पॅटर्नवाला (कोल्हापूर)

ताई, आयुष्यभर कॉन्ट्रॅक्शनची पट्टी वापरली. बिडाला मीटरमागं दहा मिलिमीटर वाढवायचं, आणि मशिनिंगला वेगळं सोडायचं. हात आपोआप वाढवतोच. "लहान कर" असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ८४ चा मोजा उसवला. उसवताना वाईट वाटलं नाही, लाकूड चुकलं तर चुलीत जातं, लोकर परत गुंड्यावर येते.

गोल नमुना विणून बघितला. खरंच, इंचाला साडेआठ आले! सपाट मोजलं तेव्हा ८. मग सुया बदलल्या. २.४ ची रॉड सोडून नाशिकच्या पोरीकडनं (माझी पुतणी, ताई, तुमच्याच गावात असते) २.७५ च्या बांबूच्या सुया मागवल्या. आता बरोबर ८. बांबूवर टाका धरून राहतो, निसटत नाही, आणि खटखट वाजत पण नाही, त्यामुळं रात्री टीव्हीसमोर बसलं तरी बायको काही म्हणत नाही. स्टीलच्या माझ्या सुया मफलरच्या काठाचे टाके उचलायला ठेवल्यात. टाकून देणार नाही, हातानं केल्यात.

टाच वळली!! दोन वेळा उसवून तिसऱ्या वेळी. "२० सुलट, दोन एकत्र, एक सुलट, फिरवा" हे वाचून मला वाटलं काहीतरी राहिलंय, बाकीचे तेरा टाके कुणी विणायचे? म्हणून पहिल्यांदा ते पण विणून टाकले. दुसऱ्यांदा शेवटच्या सुईला टाका कमी पडला म्हणून उसवलं, आणि मग ताईंनी तसंच असतं असं लिहिलेलं दिसलं. तिसऱ्यांदा वाचत वाचत केलं. चौथ्या-पाचव्या सुईला त्या सपाट पट्टीचा तळ हळूहळू आत वळायला लागला, वाटीगत. मी तसाच बघत बसलो. लाकडात असा गोल काढायला पटाशी घेऊन दोन तास लागतात, आणि इथं नुसतं मधनं फिरून गेलं की होतंय.

आबांना साखर नाही. तळव्यात गाठ ठेवली नाही. पण एक अडचण निघाली. मोज्याचा अंगठा पायताणाच्या अंगठ्यात जाईना. कापशीचा तो चामड्याचा फास आबांच्या उघड्या अंगठ्याला घट्ट बसतो. व्हर्नियर लावून कापडाची जाडी मोजायला गेलो, तर विणलेलं कापड व्हर्नियरच्या जबड्यात दबतं, दर वेळी वेगळा आकडा. तीस वर्षांत पहिल्यांदा व्हर्नियर कपाटात ठेवला. शेवटी पायताणवाल्याकडं गेलो, तो हसला आणि तो फास अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सैल करून दिला. म्हणाला, "सगळे पायात बसेल असं पायताण मागतात, मोज्यात बसेल असं मागणारा तुम्ही पहिलाच."

शहाबादी फरशीवर लोकर घसरते, हे पण कळलं. घरात घालून फिरायचं नाही असं आबांना बजावलंय.

पिवळाभंडारा (हातकणंगले)

सगळं बाहेरनं मागवताय, आपल्या दख्खनी मेंढराची लोकर का नको? आमच्याकडं पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगर बांधव मिळतात, हातानं कातलेलं सूत विचारलं तर देतात. काळं, रंगवायची गरज नाही. मी घेतलंय, बायकोनं विणून बघितलं.

खरं सांगायचं तर मोज्याला नको. टोचतं. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात आणि ती पाऊस अंगावर घेते, ते काम त्या लोकरीचं. उघड्या पायाला नाही सोसत. आम्ही त्याचे पायताणात घालायचे तळवे केले, पायाच्या आकाराचे, सगळ्या सुया सुलट. मोज्याखाली टोचत नाहीत आणि पायताणावर घसरत पण नाहीत. काकांनी करून बघावं.

पॅटर्नवाला (कोल्हापूर)

तळव्यांची आयडिया भारी. करतो.

आता माझी लाज सांगतो.

दोन्ही मोजे झाले. अंगठा पहिल्याचा जरा वाकडा, दुसऱ्याचा सुरेख. बेचक्यातलं भोक टोकानं ओढून बुजवलं, दिसत पण नाही. काल रात्री आबांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी डावा घातला, बसला. दुसरा उजव्या पायात घालायला गेले तर अंगठा करंगळीकडं. दोन्ही डावे!

साधा मोजा कुठल्याही पायात जातो, त्यामुळं डावा-उजवा हा विचार डोक्यात आलाच नाही. आणि मी कोण? पॅटर्न मेकर. ड्रॉइंगवर एलएच आरएच (डावा, उजवा) लिहिलेलं असतं आणि त्यात चूक झाली की अख्खा लॉट भंगारात. शिकाऊ असताना एकदा दोन एलएच ब्रॅकेट केले होते तेव्हा उस्तादांनी आठवडाभर नुसता झाडू हातात दिला होता. आता कोण देणार?

दुसरा कळीपर्यंत उसवतो. पण तो सुरेख अंगठा उसवायचा जिवावर येतंय.

सुलटउलट (नाशिक)

अहो भाऊ, थांबा! उसवू नका. एक मोजा उलटा करा. आतली बाजू बाहेर. डावा हातमोजा उलटा केला की उजव्या हातात जातो, तसंच.

तांबडापांढरा (कोल्हापूर, शिवाजी पेठ)

ताईंना कोल्हापूरचं नागरिकत्व द्या कुणीतरी.

लिफीकाठची (डब्लिन, मूळची गारगोटीची)

ताई! मला सुचलं नसतं. काका, उलटा करताना लोकरीची ओवलेली टोकं बाहेर दिसतील, ती कापू नका, निसटतील. दुसऱ्या बाजूला परत ओवून घ्या.

पॅटर्नवाला (कोल्हापूर)

केला उलटा. गेला उजव्या पायात, अगदी बरोबर. टोकं पण ओवून घेतली.

आज पहाटे आबा गंगावेशीत जाऊन आले. मी मुद्दाम मागनं गेलो होतो. कट्ट्यावर कुणी खाली बघितलंच नाही, सगळ्यांचं लक्ष दुधाच्या पेल्याकडं. एका म्हशीनं मात्र हुंगून बघितलं.

घरी येऊन आबा खाटेवर बसले, मोजे काढले, दोन्ही हातात धरून बोटांनी आतनं चाचपले. मला वाटलं कुठला उलटा, कुठला सुलटा ते ओळखतात. तर म्हणाले, "ह्यो उलटा केलेला बरा हाय. आतनं गुळगुळीत लागतंय. दुसरा टोचतोय. तो पण तसाच कर."

बरोबर आहे. सुलट टाक्याची गुळगुळीत बाजू उलटा केल्यावर आत जाते, बारीक दाणे बाहेर राहतात.

पण आता डावा उलटा केला तर तो उजवा होणार. म्हणजे डाव्या पायासाठी मला एक उजवा विणावा लागणार, तो उलटा करायला. लोकर उरलीय चाळीस ग्रॅम. वजनकाट्यावर झालेला मोजा ठेवला, सदतीस भरला. आज संध्याकाळी टाके घालतो.